हार्ड डिस्कचे बिघाड व घरगुती तपासणी (बेळगाव सीमाभाग)

घरच्या संगणकातील हार्ड डिस्कवरची माहिती वाचता न येणे किंवा तिच्यावर नवी लिहिता न येणे, याला ढोबळमानाने हार्ड डिस्कचा बिघाड म्हणतात. दोष डिस्कच्या यंत्रात असेल, तिच्या केबलमध्ये असेल किंवा फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या फाइल सिस्टीममध्ये असेल. पडद्यावरची लक्षणे जवळजवळ सारखीच, उपाय मात्र निरनिराळे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दुरुस्तीची बोलणी पुष्कळदा ‘फॉरमॅट मारू या’ इथूनच सुरू होतात. ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी डेटा बाहेर काढण्याची.

आयबीएमने पहिली हार्ड डिस्क १९५६ च्या सप्टेंबरात जाहीर केली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, म्हणून सीमाभागात हे साल वेगळ्याच कारणाने पाठ असते. त्या यंत्रात ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या घरगुती डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारे हेड त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. नेहमीच्या डिस्कमध्ये हवा असते. ती आतबाहेर होण्यासाठी झाकणावर गाळणी बसवलेले बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यावर स्टिकर किंवा चिकटपट्टी लावू नये.

लाइट गेली की डिस्क जळते, ही समजूत इथे घरोघरी आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात वीज येते-जाते तेव्हा संगणक बंद पडतो आणि पुन्हा सुरू होताना अडतो, त्यातून ती पक्की झाली असावी. प्रत्यक्षात वीज तुटताच फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या वेगावर हेड आपोआप सुरक्षित जागी जाते. नुकसान होते ते त्या क्षणी अर्धवट लिहिल्या जात असलेल्या फाइलीचे आणि फाइल सिस्टीमच्या नोंदींचे, आणि असा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. घरी इन्व्हर्टर असला तरी त्यावरचा खटका ‘यूपीएस’ या बाजूला आहे का, ते पाहावे. दुसऱ्या बाजूला असल्यास बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंख्याला चालतो, संगणकाला चालतच असे नाही.

खानापूरच्या बाजूला, विशेषतः कणकुंबीकडे, पावसाळा फार मोठा असतो. कौलारू घरात भिंतीला लागून ठेवलेल्या संगणकाच्या जोडण्यांवर दमट हवेने गंज चढतो. म्हणून तपासणी केबलपासून करावी. वीज पूर्ण बंद करून साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी माहितीची तार) दोन्ही टोकांना काढून परत घट्ट बसवावी, शक्य झाल्यास दुसरी लावून पाहावी. हा उपाय स्वस्त आहे आणि वाटते त्यापेक्षा अधिक वेळा लागू पडतो.

खुद्द डिस्कचे काय चालले आहे ते तिच्यातल्या ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीविषयी ठेवलेले आकडे, सांगतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन त्या दाखवते. पाच क्रमांकाची नोंद खराब ठरून बदललेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे माहिती साठवण्याचा डिस्कवरचा छोटा कप्पा), १९७ ही वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेल्या सेक्टरांची आणि १९९ ही बहुधा केबलच्या दोषाची. या साधनात मूळ आकडे सुरुवातीला सोळा-पाया पद्धतीत दिसतात, म्हणजे तिथल्या १० चा अर्थ १६. केबल बदलल्यावरही १९९ चा आकडा शून्यावर येत नाही. तो पुढे वाढतो आहे का, एवढेच पाहायचे. पाच आणि १९७ चे आकडे दर आठवड्याला चढत असतील तर त्या डिस्कचा भरवसा संपला.

अशा वेळी चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासणारी आज्ञा लगेच चालवू नये. तिचा ‘आर’ पर्याय डिस्कचा कानाकोपरा वाचून खराब सेक्टर शोधतो, त्याला कित्येक तास लागतात, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्या श्रमातच बंद पडू शकते. आधी प्रत काढावी. लग्नाचे फोटो, मंडळाचे जमाखर्च, जुन्या मोडी कागदांचे स्कॅन आधी, सिनेमे मागून. जमिनीचा पहाणी उतारा कर्नाटकच्या भूमी प्रणालीतून पुन्हा मिळतो, आजोबांचा आवाज मिळत नाही. नेहमीच्या कॉपीत संगणक अडत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून डीडीरेस्क्यू हे प्रत काढणारे साधन वापरावे. ते आधी चांगला भाग उचलते, अडलेला भाग मागे ठेवते आणि कुठवर आले याची नोंद फाइलीत लिहीत जाते. ही नोंद-फाइल पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवली, तर मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते.

डिस्क एकसारखी टक्‌-टक्‌ वाजत असेल तर मात्र काहीही न चालवता वीज बंद करावी. घरी झाकण उघडू नये. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये. बाहेर काढताच आत दव धरते. हे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसल्याने आवाजाची पूर्वसूचना मिळत नाही, तिथे वेळच्या वेळी काढलेली प्रत हाच आधार.

डेटा परत आला तरी इथल्या घरांत एक घोटाळा हमखास होतो. श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटमध्ये टंकलेली जुनी निवेदने, पत्रिका, सभासद याद्या नव्याने विंडोज टाकल्यावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतात, आणि मालक फाइल खराब झाली म्हणून पुसून टाकतो. फाइल धड असते, संगणकात तो फाँट नसतो. म्हणून प्रत काढताना विंडोजच्या फाँट्‌स फोल्डरमधून तो फाँटही उचलावा आणि कागदपत्रांच्याच फोल्डरमध्ये ठेवावा.