चाळिशीनंतर पदवीला प्रवेश: अर्ज कुठे अडतो आणि कोणते कागद आधी जमवावेत

पुण्यात दर जून-जुलैला कॉलेजच्या प्रवेश खिडकीसमोर पोराटोरांच्या रांगेत काही मोठी माणसंही उभी असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "या वयात घेतील का?" घेतात. बीए, बीकॉमला वयाची कमाल अट नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत नाही, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाही आणि इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) देखील नाही. अर्ज परत येतो तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या कागदापायी. म्हणून फॉर्म भरायच्या दोन-तीन महिने आधी कागद जमवायला लागा.

मूळ पात्रता बारावी उत्तीर्ण. जुनी अकरावी मॅट्रिक म्हणजे बारावी नव्हे, यावरून ज्येष्ठ नागरिकांचा फार हिरमोड होतो. बारावी राहिली असेल, तर राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. दहावी होऊन दोन वर्षं झालेली असली पाहिजेत. इथे तारखेचा घोळ होतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हणून लोक दिवाळीनंतर चौकशीला जातात, पण 17 नंबरचे अर्ज आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू होतात. विलंब शुल्काची मुदतही उलटली, की ते वर्ष गेलंच.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते टीसीवर, म्हणजे कॉलेज किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. तो शेवटच्या संस्थेचा लागतो. बारावी ज्युनिअर कॉलेजमधून केली असेल, तर शाळेचा दहावीचा दाखला चालत नाही. तरी फाइलमधून हमखास तोच निघतो. ज्यांनी तेव्हा एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश घेऊन मध्येच सोडलं, त्यांचा बारावीचा दाखला त्या सीनिअर कॉलेजात जमा झालेला असतो. मग टीसी तिथून काढावी लागते. जुनी फी थकलेली असेल तर आधी ती भरा. दाखला हरवला असेल, तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून तिची प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून दुय्यम प्रतीसाठी अर्ज द्यावा. अर्जात उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, तुकडी आणि जनरल रजिस्टर नंबर असेल तर क्लार्कला नोंद सापडते. नुसतं नाव दिलं तर "रजिस्टर शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात या" हे ऐकायची तयारी ठेवा. शाळाच बंद पडली असेल, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचं दप्तर कुठे गेलं याची लेखी विचारणा करा आणि पोच घ्या.

दुसरा कागद गॅप सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचा खुलासा. हे कुठलंही कार्यालय देत नाही, ते तुमचं तुम्हीच करायचं प्रतिज्ञापत्र असतं. त्यात शेवटची परीक्षा, तिचं वर्ष आणि मधल्या काळात काय केलं (नोकरी, घरसंसार, आजारपण) एवढं पुरे. टायपिंगवाल्याकडे तयार मजकूर असतो आणि त्यात "सदर कालावधीत मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही" हे वाक्य छापूनच येतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही 2003 साली एफवायला नाव घातलं असेल, तर ही खोटी शपथ होते आणि जुना पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) निघाला की उघडी पडते. जे घडलं ते सरळ लिहा, त्यासाठी कोणी प्रवेश नाकारत नाही. मुद्रांकाबाबत आधी काउंटरवर विचारा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 ऐवजी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो, पण शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क माफ आहे. कॉलेजची सूचना याबाबत बहुधा गप्प असते आणि लोक उगाच पाचशे रुपये घालवतात. एका ओळीत लिहिता येण्यासारखी ही गोष्ट आहे!

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना यापेक्षाही जास्त त्रास होतो. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं आणि वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद पुष्कळांनी केलेलीच नसते. ती आजही होते, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात. तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि फॉर्मवर पुरोहिताची सही. पत्रिका नसेल किंवा भटजी हयात नसतील, तर प्रतिज्ञापत्राचा काय नमुना चालेल ते तिथेच विचारून घ्या. पदवीवर नवं नाव हवं असेल, तर प्रवेशाआधी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. मात्र राजपत्रामुळे बारावीची गुणपत्रिका बदलत नाही. दोन्ही कागद कायम सोबत लागतील.

नावाचा हाच गोंधळ पुढे ऑनलाइन भोवतो. मुक्त किंवा दूरस्थ प्रवेशाला 2024-25 पासून डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) सक्तीचा आहे आणि त्याच्या आधी बारा आकडी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढावा लागतो. एबीसीत नाव आणि जन्मतारीख आधारवरून येते. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल किंवा मोबाइल नंबर जुना असेल, तर ओटीपीपाशीच गाडी थांबते. आधार दुरुस्तीला दिवस लागतात; शेवटच्या तारखेला हे लक्षात आलं तर उपाय उरत नाही. "मुदत वाढतेच" या भरवशावर राहू नका, मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

जुनं एफवाय पास असलं तरी थेट एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, बसता येईल असं गृहीत धरू नका. अभ्यासक्रमाचे पॅटर्न अनेकदा बदलले, आता नव्या शैक्षणिक धोरणाचा आहे. समकक्षता मिळते का ते जुनी गुणपत्रिका आणि पीआरएन दाखवून कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल" याला काही अर्थ नाही.

फी भरली, आयकार्ड मिळालं, तरी प्रवेश तात्पुरताच असतो. विद्यापीठाची पात्रता निश्चित व्हावी लागते. बारावी दुसऱ्या राज्याच्या किंवा केंद्रीय मंडळाची असेल, तर त्या मंडळाचं मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट (स्थलांतर प्रमाणपत्र) द्यावं लागतं. ते राहिलं, की निकाल राखून ठेवला जातो आणि विद्यार्थ्याला वाटतं आपण नापास झालो.

पुढे एलएलबी करायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच पाहा. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार, बारावीसारखी मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी विधी प्रवेशाला चालत नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर अडचण नाही. तीन वर्षांच्या एलएलबीला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला 45 टक्के लागतात. तेव्हा बारावी नसलेल्यांनी आधी 17 नंबर भरावा आणि मगच पदवीचा फॉर्म हातात घ्यावा.