युसुफ मेहरअली: दोन घोषणा आणि मशीद बंदरचा एक रस्ता

दिवाळीच्या आधी सुकामेवा घ्यायला नाहीतर पॅकिंगचं सामान घ्यायला मशीद बंदरला जे जातात त्यांना युसुफ मेहरअली रोड माहीत असतो, निदान बिलावर तरी वाचलेला असतो. हमाल डोक्यावर गोणी घेऊन ‘बाजू, बाजू’ करत अंगावर येतात, हातगाडीचं चाक पायावरून जाता जाता राहतं, आणि त्या धांदलीत पाटीवरचा माणूस कोण हे विचारायला कोणाला फुरसत आहे! मीसुद्धा कितीतरी वर्षं असेल कोणीतरी जुना व्यापारी, असेल इथेच कुठेतरी पेढी, असं धरून चाललो होतो.

तर हा माणूस म्हणजे ‘सायमन गो बॅक’वाला. आणि ‘क्विट इंडिया’चं श्रेयही यांनाच देतात. शाळेत दोन्ही घोषणा पाठ केल्या, त्यांच्यावर मार्क पण मिळवले, पण त्या सुचल्या कोणाला हे विचारायचं तेव्हा डोक्यातच आलं नाही.

जन्म मुंबईतलाच, २३ सप्टेंबर १९०३. घर पैसेवालं, पणजोबांनी कापड गिरणी काढलेली, एल्फिन्स्टन कॉलेज, मग कायद्याचं शिक्षण. म्हणजे सरळ वकिली केली असती तरी आयुष्यभर काही कमी पडलं नसतं. पण १९२८ मध्ये त्यांनी बॉम्बे यूथ लीग काढली आणि सगळी गाडीच दुसऱ्या रुळावर गेली.

सायमन कमिशनचं थोडं सांगायला पाहिजे. १९१९ च्या कायद्याने हिंदुस्थानाला जे तुटपुंजे अधिकार दिले होते ते कसे काय चाललेत हे दहा वर्षांनी तपासायचं ठरलं होतं, पण तिकडे इंग्लंडात पुढच्या निवडणुकीत मजूर पक्ष येईल या धास्तीने तिथल्या हुजूर पक्षाच्या सरकारने घाई केली आणि १९२७ च्या नोव्हेंबरमध्येच कमिशन नेमून टाकलं. सात मेंबर, सातच्या सात गोरे. देश कोणाचा आणि ठरवणार कोण, यावरूनच भडका उडाला. (सगळ्यांनीच बहिष्कार घातला असंही नाही बरं का, बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात या कमिशनपुढे साक्ष दिली, कारण अस्पृश्यांची बाजू मांडायला दुसरं कोण येणार होतं. ही बाजू वगळून सायमनची गोष्ट सांगतात ते मला पटत नाही.)

३ फेब्रुवारी १९२८ ला कमिशन मुंबईत उतरलं. शहरात हरताळ होताच, पण बॅलार्ड पिअरला पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त, निदर्शनं करणारा माणूस आत पोचणार कसा. म्हणे आधी होड्या घेऊन समुद्रातच बोटीला गाठायचं ठरलं होतं, पण तो बेत फुटला. मग मेहरअली आणि त्यांच्या मित्रांनी हमालांचे कपडे चढवले आणि आत घुसले. बंदरावर हमालाकडे कोण बघतो! साहेब लोक खाली उतरले आणि समोरून ओरडा सुरू, सायमन गो बॅक. लाठ्या बसल्या. पण त्यानंतर कमिशन जिथे जिथे गेलं तिथे हीच तीन शब्दांची घोषणा त्यांच्या आधी जाऊन उभी. लाहोरला ३० ऑक्टोबरला लाला लजपतराय लाठीमारात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला गेले, ते याच निदर्शनात. मेहरअली तेव्हा २४ वर्षांचे. पुढे राजकारणापायी त्यांना वकिलीची सनदही मिळू दिली नाही, मग काय, जेलच्या वाऱ्या सुरू.

१९३४ मध्ये काँग्रेस सोशलिस्ट पार्टी निघाली. तिची बीजं नाशिकच्या जेलमधल्या चर्चांत पडली, जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता ही सगळी तिशीच्या आसपासची पोरं, आणि पक्षाच्या संस्थापकांत मेहरअली पण होते. १९४२ मध्ये ते मुंबईचे मेयर झाले, ३८ व्या वर्षी, तोवरचे सगळ्यात तरुण, आणि नाव पुढे आलं तेव्हा होते कुठे तर तुरुंगात.

आता ‘क्विट इंडिया’. मला सगळ्यात मजा इथे वाटते. सांगतात ते असं की गांधीजी घोषणा शोधत होते, कोणीतरी ‘गेट आउट’ सुचवलं, ते उद्धट म्हणून त्यांना नको वाटलं, राजाजींनी माघार घ्या अशा अर्थाचं काहीतरी सुचवलं तेही जमलं नाही, आणि मेहरअलींचं ‘क्विट इंडिया’ त्यांना पसंत पडलं. आता बघा, हिंदीत ते ‘भारत छोडो’ झालं आणि आपण मराठी लोकांनी मात्र ‘चले जाव’ उचललं, म्हणजे जवळजवळ तेच ‘गेट आउट’ जे नको म्हणून सांगितलं होतं! चळवळ होऊन ऐंशीच्या वर वर्षं झाली, आपण अजून उद्धटवालंच म्हणतोय आणि कोणाला काही वाटत नाही, खरं सांगायचं तर कानाला तेच बरं लागतं.

मेहरअलींनी त्या नावाची एक पुस्तिका काढली, बिल्ले बनवून वाटले. ८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर ठराव झाला आणि पहाट व्हायच्या आत धरपकड सुरू, मेहरअली पण आत. त्यानंतर मैदान तरुणांच्याच हातात होतं, २२ वर्षांच्या उषा मेहता वगैरे मंडळी चोरून काँग्रेस रेडिओ चालवत होती, जागा बदलत बदलत, १२ नोव्हेंबरला गिरगावात पकडले जाईपर्यंत.

जेलमध्ये मेहरअलींच्या हृदयाने दगा दिला. बाहेर चांगल्या हॉस्पिटलात नेतो म्हणाले तर यांनी आणखी दोन आजारी कैद्यांनाही तीच सोय मागितली, ती मिळेना तर स्वतःची पण नाकारली. १९४३ मध्ये सुटले खरे, पण तब्येत परत काही धड झाली नाही. २ जुलै १९५० ला गेले, ४६ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजता मुंबईच्या ट्राम आणि बस होत्या तिथे उभ्या राहिल्या, गिरण्या बंद, आणि शेअर बाजारात पण त्या दिवशी सौदे झाले नाहीत.