लवचीक इलेक्ट्रोड: फॉइल वगळण्यामागचा इतिहास

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा चुंबकीय टेपवर लेप चढवण्याचे तंत्र तिच्या हाताशी होतेच. इलेक्ट्रोडची, म्हणजे बॅटरीतल्या वीज साठवणाऱ्या पट्ट्यांची कृती आजही जवळपास तीच आहे. सक्रिय पदार्थाची भुकटी, कार्बन ब्लॅक आणि पीव्हीडीएफ हा बाइंडर (कण चिकटवून धरणारे पॉलिमर) एनएमपी या सेंद्रिय द्रावकात घोटायचा, तयार झालेली स्लरी (दाट रबडी) वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या फॉइलवर पसरायची, वाळवून रोलरखाली दाबायची. अ‍ॅनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) तांब्याची फॉइल, कॅथोडला (धन इलेक्ट्रोडला) अ‍ॅल्युमिनियमची.

लवचीकपणा आणि जास्त पॉवर या गरजा वेगळ्या वाटतात, पण दोन्हींच्या आड ही फॉइलच येते. ०.१ मिमी जाडीची पट्टी ५ मिमी त्रिज्येत वाकवली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे १ टक्का ताणला जातो. हे वारंवार झाले की फॉइलला भेगा पडतात, लेप सुटतो. जलद चार्जिंगला थर पातळ लागतो, कारण आयनांच्या विसरणाचा (पसरत जाण्याचा) वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. मात्र १० मायक्रॉन तांब्याचे वजन दर चौ. सेंमी.ला ९ मिग्रॅ असते. त्यावर दोन्ही बाजूंना २-२ मिग्रॅ लेप दिला, तरी दोन तृतीयांशाहून जास्त वजन वीज न साठवणाऱ्या धातूचेच.

२००७ मध्ये अमेरिकेतील रेन्सेलर संस्थेत नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म वीजवाहक नळ्या, सेल्युलोजमध्ये रुजवून कागदासारखा लवचीक पत्रा बनवला गेला. अशा फिल्मची प्रयोगशाळेतली सोपी वाट म्हणजे नॅनोट्यूब सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या पदार्थाच्या) पाण्यात अल्ट्रासाउंडने विखरायच्या आणि निर्वात गाळणीवर थर जमवायचा. अल्ट्रासाउंड जास्त दिला तर नळ्या तुटून विद्युतवहन घटते, धुणे कमी पडले तर सर्फॅक्टंट राहून रोध वाढतो, घाईने वाळवले तर फिल्म आक्रसून तडकते.

खरा टप्पा २०१२ चा. शेनयांगच्या धातू संशोधन संस्थेने निकेलच्या फोमवर ग्राफीन (कार्बनचा अणूइतका पातळ, वीजवाहक थर) वाढवले, निकेल आम्लात विरघळवले आणि फॉइलऐवजी उरलेल्या जाळीत अ‍ॅनोडसाठी लिथियम टायटनेट व कॅथोडसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट भरले. टायटनेटची निवड अचूक होती: चार्ज होताना ते १ टक्क्याहूनही कमी फुगते, नेहमीच्या अ‍ॅनोडमधले ग्राफाइट सुमारे १० टक्के. त्या इलेक्ट्रोडने २०० सी (१ सी म्हणजे एका तासात पूर्ण चार्ज), म्हणजे १८ सेकंदांचा दर पेलला. बॅटरी ५ मिमी त्रिज्येत वाकली. किंमत मोजली ती व्होल्टेजमध्ये: टायटनेट लिथियमच्या तुलनेत १.५५ व्होल्टवर चालते, आणि तेवढे व्होल्ट कॅथोडच्या व्होल्टेजमधून वजा होतात, त्यामुळे सेलला जेमतेम १.९ व्होल्ट मिळतात.

आवरण मात्र सिलिकोन रबराचे होते. त्यातून पाण्याची वाफ सहज आत शिरते, आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या फॉस्फरस-फ्लोरिनच्या लिथियम क्षाराशी तिचा संयोग झाला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते.