फळझाडांची खतं: सेंद्रिय आणि रासायनिक (ठाणे-नवी मुंबई परिसर)

शेणखत, लेंडीखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, पालापाचोळ्याचं कंपोस्ट ही सेंद्रिय खतं, आणि युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश, १५:१५:१५ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फेट, पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १५ टक्के) वगैरे रासायनिक. मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात, मग ते शेणातून येवो नाहीतर गोणीतून, त्यामुळे "केमिकल खताचं फळ विषारी" असं सरसकट म्हणणं चूक आहे (फवारणीच्या औषधांचा प्रश्न वेगळा). फरक पडतो तो किती मिळतं, किती लवकर मिळतं आणि मातीचं पुढे काय होतं यात.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस बघा, दहा वर्षांच्या आंब्याला वर्षाला ५० किलो शेणखत, शिवाय दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश. आता हे दीड किलो नत्र नुसत्या शेणखतातून द्यायचं तर एका झाडाला ३०० किलो लागेल, युरिया सव्वातीन किलो पुरतो. मुरबाड-शहापूरला घरचा गोठा असेल तर जमेलही, घोडबंदरच्या सोसायटीत एवढं शेणखत आणणार कुठून?

पण नुसत्या युरियावर भिस्त ठेवली तर आपला पाऊस ते टिकू देत नाही. नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जातं, डोंगरउताराच्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, आणि वर्षानुवर्षं युरिया टाकून माती आंबट होते. नवी मुंबईत तर कितीतरी ठिकाणी खाली भरावाचा मुरूम आणि डेब्रिजच आहे, त्यात सेंद्रिय असं काहीच नाही, तिथे गोण्या ओतून काय होणार! कुजलेलं खत पाणी आणि अन्न दोन्ही धरून ठेवतं, म्हणून आधी ते, मग वरून रासायनिक, तेही एकदम नाही, थोडंथोडं विभागून, हाच क्रम मला बरोबर वाटतो.

द्यायची जागाही महत्त्वाची. खोडाशी ढीग घालू नका, भर दुपारी झाडाची सावली जिथवर पडते तिथे गोल चर खणून त्यात घाला आणि मातीने झाका, अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी तिकडे असतात. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतल्यावर भुसभुशीत, शेणाचा वास गेलेला, कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. आंब्याला पाऊस सरल्यावर नत्र देऊ नये, मोहोराऐवजी पालवी फुटते.

ड्रममधल्या लिंबाचं, पेरूचं गणित आणखी वेगळं. तिथे मुळांना पळायला जागा नाही, रासायनिक खताचे क्षार साठतात, मातीवर पांढरी पापडी धरते, पानांच्या कडा करपतात. पापडी दिसली की वरचा थर काढायचा, खालच्या भोकातून निथळेपर्यंत भरपूर पाणी सोडायचं आणि नंतर गांडूळखत व मूठभर निंबोळी पेंड द्यायची.