चक्कीवाल्याचा प्रश्न आणि गुलाबी ठिपके

आमच्या रामबागेतल्या चक्कीवर गव्हात सोयाबीन मिसळून नेलं, की चक्कीवाला डब्यात हात घालून एक दाणा उचलतो आणि दाताखाली धरतो. मग ठरलेला प्रश्न: ‘भिया, सिकी हुई है ना? कच्ची नहीं पीसूंगा.’ इंदूरमध्ये सोयाबीन काही नवलाईचं नाही. सगळा माळवा त्यावर पोसलाय. तरी त्याचा हा नियम पक्का. कारण विचारलं, तर कच्च्याची बास पुढच्या चार गिऱ्हाइकांच्या कणकेला लागते, एवढंच म्हणतो.

त्याचं म्हणणं खरं आहे. दाण्यात लायपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम असतं. दाणा अख्खा असेपर्यंत ते गप्प असतं. दळताना पेशी फुटतात, तेल, ओल आणि हवा एकत्र येतात, आणि ते तेलावर तुटून पडतं. त्यातून ती कच्ची, हिरवट बास सुटते. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनच. भाजलं की त्याची घडी मोडते आणि कामही थांबतं.

पण प्रश्न नुसत्या वासाचा असता, तर कोंबड्यांना कच्चं सोयाबीन घालायला हरकत नव्हती. ते घातलं तर पिल्लं खातात, पण वाढत नाहीत. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर हेच पाहिलं होतं. कच्च्या सोयाबीनवर उंदीर खुरटले आणि शिजवलेल्यावर वाढले. दाणा तोच आणि त्यातली प्रथिनंही तेवढीच, सुमारे ४० टक्के. मग अडलं कुठे?

खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं अंगी लागत नाही. आजी जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा नवा विणायची, तसं शरीर करतं. सोयाबीनचं प्रथिन उसवायचं, त्यातली अमिनो आम्लं सुटी करायची आणि त्यांतून आपलं स्नायूचं, पिसाचं, अंड्याचं प्रथिन विणायचं. प्रथिनं विणायला अमिनो आम्लं वीसच लागतात. त्यांतली काही शरीर स्वतः तयार करतं, उरलेली खाण्यातूनच यावी लागतात. उसवायचं काम करणाऱ्यांपैकी एक म्हणजे ट्रिप्सिन. ते स्वादुपिंडातून आतड्यात येतं आणि साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन दिसलं, की त्याच्या पुढे कात्री चालवतं.

सोयाबीनच्या दाण्यात या कात्रीसाठी सापळा असतो. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी तो स्फटिकरूपात वेगळा काढला. १८१ अमिनो आम्लांचं हे छोटंसं प्रथिन ट्रिप्सिनला आपला नेहमीचा घास वाटतं. ट्रिप्सिन त्याला पकडतं आणि तिथेच अडकतं. ना चावता येत, ना सोडता येत. किडीनं दाणा खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ही तजवीज असावी. भोगतं मात्र कोंबडीचं पिल्लू.

पुढचा भाग मला जास्त विलक्षण वाटतो. आतड्यात मोकळं ट्रिप्सिन किती आहे, याची शरीर सतत चाचपणी करत असतं. ट्रिप्सिन सापळ्यात गेलं की मोकळं कमी दिसतं. मग कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि स्वादुपिंडाला निरोप जातो, ‘अजून पाठव.’ स्वादुपिंड पाठवतं, तेही अडकतं, पुन्हा निरोप. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेल्या पिल्लांचं आणि उंदरांचं स्वादुपिंड यामुळे सुजून मोठं होतं. वाया जाणारी ही एन्झाइमं गंधकयुक्त अमिनो आम्लांनी भरलेली असतात, आणि सोयाबीनमध्ये नेमकी तीच, विशेषतः मेथिओनिन, तुटपुंजी. म्हणजे आधीच रिकाम्या खिशातून पैसे गळायचे. नीट शिजवलेल्या सोयाबीनवरच्या कोंबडीखाद्यातही मेथिओनिन वरून घालावं लागतं, ते या तुटवड्यापायीच.

माझा आतेभाऊ इंदूरजवळच्या एका सोया प्लांटच्या प्रयोगशाळेत आहे. तेल काढून उरलेल्या चुऱ्याला, म्हणजे डीओसीला, वाफेनं पुरेसा शेक बसलाय की नाही, हे रोज तपासणं त्याचं काम. सापळा शिल्लक आहे का, हे थेट मोजणं वेळखाऊ आहे. म्हणून तो तिसऱ्यालाच विचारतो. काचेच्या उथळ बशीत डीओसी पसरायची आणि तिच्यावर युरिया आणि फिनॉल रेड यांचं पिवळट द्रावण ओतायचं. पाच मिनिटं थांबायचं. मी पाहत होतो तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग एका कडेला मोहरीएवढा गुलाबी ठिपका उमटला, मग दुसरा, मग पाच-सहा. ‘बस, इतके चालतात,’ तो म्हणाला. सगळी बशी गुलाबी झाली तर माल कच्चा.

हे ठिपके युरिएजचे. सोयाबीनमधलंच हे आणखी एक एन्झाइम युरियातून अमोनिया सोडतं. अमोनिया अल्कधर्मी, म्हणून फिनॉल रेडचा रंग पालटतो. ट्रिप्सिनशी युरिएजचा काही संबंध नाही. पण दोघं, म्हणजे ते आणि तो सापळा, साधारण सारख्याच शेकानं निकामी होतात. त्यामुळे युरिएज जिवंत दिसलं, की सापळाही जिवंत असणार. या चहाडखोरावर अख्खा पशुखाद्याचा व्यापार चालतो.

एकही ठिपका नको, असं आपल्याला वाटेल. तसं नाही. शेक जास्त झाला तर लायसिन दाण्यातल्या साखरेशी जखडलं जातं आणि माल तपकिरी, खमंग होतो. नाकाला बरा वाटतो, पण जखडलेलं लायसिन आतड्याला सुटत नाही. म्हणून थोडे ठिपके हवेतच.

या युरिएजचा शास्त्रातला मान मोठा आहे. जेम्स समनर यांनी नऊ वर्षं खपून ते आपल्या अबईच्या नात्यातल्या जॅक बीनमधून काढलं आणि १९२६ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. स्फटिक प्रथिनाचे निघाले. एन्झाइम हे प्रथिन असतं, हे तेव्हाच्या बड्या जर्मन रसायनतज्ज्ञांना पटेना. किशोरवयात शिकारीतल्या अपघातात एक हात गमावलेल्या समनरना १९४६ मध्ये नोबेल मिळालं.

राऊजवळ मामांच्या दोन म्हशी होत्या. एका वर्षी सोयाबीनला भाव नव्हता. मामांनी कच्च्या दाण्यांची चुरी युरिया असलेल्या खाद्यात मिसळली आणि रात्रीच आंबोण भिजत घातलं. सकाळी टोपल्याचं झाकण काढलं तर डोळ्यांतून पाणी! म्हशीनं एकदा नाक लावलं आणि तोंड फिरवलं. तिचंच बरोबर होतं. ओल मिळाल्यावर दाण्यातल्या युरिएजनं रात्रभरात युरियाचा अमोनिया केला होता. तो एकदम पोटात जाता तर जनावर दगावू शकलं असतं. खाद्यात युरिया असेल, तर कच्चं सोयाबीन त्यात मिसळायचं नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा बजावून सांगितलं.

शेतात टाकायचा युरिया म्हशीच्या खाद्यात कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण म्हैस युरिया स्वतःसाठी खात नाहीच. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांच्याकडेही युरिएज असतं. ते युरियाचा अमोनिया करतात, चाऱ्यातून मिळालेल्या कर्बाला तो जोडतात आणि वीसच्या वीस अमिनो आम्लं घरच्या घरी बनवतात. मळीसारखं पटकन आंबणारं खाणं जोडीला असलं, तरच हे नीट जमतं. नाहीतर अमोनिया रक्तात उतरतो. तिथून यकृत त्याचा पुन्हा युरिया करतं आणि त्यातला बराचसा लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतून परत कोटीपोटात पाठवतं. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी तर गायींना प्रथिन जवळजवळ दिलंच नाही. युरिया, अमोनियम क्षार आणि शुद्ध पिष्ट-साखर यांवर त्या दूध देत राहिल्या. १९६६ मध्ये त्यांनी ते छापलं, तेव्हा त्यातल्या काही गायींचं वर्षाचं दूध ४,००० किलोंच्या वर होतं.

मग हे सूक्ष्मजीव वाहत चौथ्या कप्प्यात येतात आणि गाय त्यांनाच पचवते. त्यांची कवचं फोडायला तिच्या जठरात लायसोझाइम असतं. हे एन्झाइम आपल्या अश्रूंतही आहे, पण गायीचं आम्लात टिकेल असं घडलंय. ओंकारेश्वरच्या घाटावर प्रसाद हिसकावणारी काळतोंडी वानरं पाहिलीत ना? तीही पानं पोटात आंबवून खातात. त्यांच्या लायसोझाइममध्ये गायीसारखेच काही बदल, गायीशी कसलंही नातं नसताना, स्वतंत्रपणे झाल्याचं १९८७ मध्ये दाखवलं गेलं. घाटावर गेलं की मला आता हेच आठवतं.

कोटीपोट पूर्ण वाढलेल्या जनावराला सोयाबीनचा सापळा फारसा बाधत नाही, कारण सूक्ष्मजीव त्यालाही उसवतात. वासरांना ही सोय नसते, कोंबड्यांना आणि आपल्यालाही नाही. म्हणून खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं दाण्यातूनच सापळा काढायचं मनावर घेतलं. त्यांच्या एनआरसी १२७ या वाणात कुनिट्झचा सापळा नाही. एनआरसी १४२ मध्ये तो नाहीच, शिवाय बास सोडणाऱ्या लायपॉक्सिजिनेजचा एक प्रकारही नाही.

आतेभावाला म्हटलं, आता तुझी बशी गेली. तो हसला. ‘बोमन-बर्क नावाचा दुसरा सापळा आहेच की, आणि तो शेकाला जास्त चिवट. शिवाय लक्ष्मीबाई नगर मंडीतून ट्रॉली येते, तिच्यात दहा शेतकऱ्यांचा दहा जातींचा माल असतो. कुठला दाणा कुठला, ते कोण सांगणार?’ आणि त्यानं पुढचा नमुना बशीत पसरला.