करसवलतीचा खर्च मेडिकेडच्या माथी: १९८१ पासूनची पार्श्वभूमी

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या एकाच कायद्याने अमेरिकेत दोन गोष्टी झाल्या. २०१७ च्या करसवलती कायम झाल्या, आणि मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यावरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरनी घटणार हे ठरले. विरोधकांचा सगळा रोख या जोडीवर आहे. ती जुळते कशी, ते आधी पाहू.

मेडिकेड आणि मेडिकेअर १९६५ साली एकाच कायद्यातून जन्मले. मेडिकेअर प्रामुख्याने ६५ च्या पुढच्यांसाठी आणि पूर्णपणे केंद्राचे. मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांसाठी; ते राज्ये चालवतात आणि खर्चातला किमान निम्मा वाटा केंद्र उचलते. मिसिसिपीसारख्या गरीब राज्यात हा वाटा तीन चतुर्थांशाच्याही वर जातो. केंद्राच्या वाट्याला कमाल मर्यादा नाही: पात्र माणसे वाढली की पैसाही वाढतो. खर्चकपातवाल्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपते ते हेच. आज सात कोटींच्या आसपास लोक या योजनेत आहेत. देशातल्या दहापैकी चार बाळंतपणांचा खर्च मेडिकेड भरते आणि नर्सिंग होममधल्या दहापैकी सहा जणांचाही, कारण तिथल्या दीर्घ मुक्कामाचे पैसे मेडिकेअर देत नाही. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात योजनेचे नाव मेडी-कॅल, टेनेसीत टेनकेअर, न्यू जर्सीत फॅमिलीकेअर. त्यामुळे आपण मेडिकेडवर आहोत हेच अनेकांच्या गावी नसते.

जोडीचे मूळ १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातल्या ‘रिकन्सिलिएशन’ या तरतुदीत आहे. एरवी सिनेट या वरिष्ठ सभागृहात चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायचे तर शंभरपैकी साठ मते लागतात. या वाटेने साधे बहुमत पुरते. मात्र आधी अर्थसंकल्पी ठराव करून प्रत्येक समितीला आकडा नेमून द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२५ च्या प्रतिनिधिगृहाच्या ठरावात कर समितीला ४,५०० अब्ज डॉलरपर्यंत तुटीची मुभा होती, तर ऊर्जा व वाणिज्य समितीला किमान ८८० अब्ज वाचवण्याचा आदेश. ‘ठरावात मेडिकेड हा शब्द तरी आहे का?’ असे समर्थक विचारत राहिले. शब्द नव्हता हे खरे. पण मेडिकेअरला हात लावायचा नाही म्हटल्यावर त्या समितीच्या अखत्यारीत एवढी रक्कम निघेल असे दुसरे खातेच उरत नाही, हे काँग्रेसच्याच, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशेबातून मार्चमध्ये समोर आले.

ही वाट १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी रुळवली. मेडिकेडवर कायमची कमाल मर्यादा घालण्याचा त्यांचा प्रस्ताव काँग्रेसने फेटाळला, पण केंद्राच्या देण्यात तीन वर्षांसाठी अनुक्रमे ३, ४ आणि ४.५ टक्क्यांची कपात मान्य केली. ती कपात आणि मोठी करकपात अशा दोन्ही कायद्यांवर सही झाली ती एकाच दिवशी, १३ ऑगस्टला.

१९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती गिंग्रिच यांच्या रिपब्लिकन बहुमताने मेडिकेडचा हमीचा हक्कच मोडून राज्यांना ठोक रक्कम द्यायचे ठरवले. त्याच विधेयकात करकपातही होती. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी डिसेंबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला, तोही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ च्या कायद्यावर ज्या लेखणीने सही केली होती तीच हातात घेऊन.

२०१० च्या ओबामा कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड खुले केले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. आजवर ४० राज्यांनी तो स्वीकारला. टेक्सास आणि फ्लोरिडा अजून बाहेर आहेत. ओक्लाहोमा आणि मिसुरी या रिपब्लिकन राज्यांत तर २०२० मध्ये मतदारांनी तो थेट राज्यघटनेत घातला. कपातीच्या विरोधाची ताकद मोजायची तर मोर्च्यांपेक्षा ही मतदाने बघावीत.

२०१७ मधला मेडिकेड कापण्याचा प्रयत्न थोडक्यात हुकला. त्या वर्षीच्या प्रतिनिधिगृहाच्या विधेयकाने मेडिकेडमधून ८३४ अब्ज काढले असते. जूनमध्ये व्हीलचेअरवरच्या आंदोलकांना सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्याच्या कार्यालयाबाहेरून पोलिसांनी उचलून नेले, आणि २८ जुलैच्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर मॅकेन यांच्या विरोधी मताने सिनेटमधला शेवटचा कापून-छाटून छोटा केलेला मसुदाही ४९ विरुद्ध ५१ असा पडला. करकपात मग डिसेंबरमध्ये मेडिकेडला न छेडता आली. पण रिकन्सिलिएशनच्या नियमानुसार ठरलेल्या मुदतीपलीकडे तूट वाढवता येत नाही. म्हणून कंपन्यांचा कर ३५ वरून २१ टक्क्यांवर कायमचा आणला गेला, तर वैयक्तिक सवलतींना २०२५ अखेरची मुदत पडली. २०२५ चा सामना आठ वर्षे आधीच कॅलेंडरवर लिहिलेला होता.

या वेळी नावापुरती पात्रता फारशी बदललेली नाही. कपात कागदपत्रांतून येते. विस्तारातून आलेल्या १९ ते ६४ वयोगटाला महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा सिद्ध करावी लागेल, किंवा ८० तासांच्या किमान वेतनाइतके, म्हणजे ५८० डॉलर उत्पन्न दाखवावे लागेल. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक आणि गंभीर आजारी यांना सूट आहे, पण तीही नोंदवावी लागते. याच गटाच्या पात्रतेची फेरतपासणी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होईल.

धडधाकट माणसाने काम करावे, हा समर्थकांचा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. आर्कान्सॉ राज्याने २०१८ मध्ये तो करून पाहिला. तास फक्त वेबसाइटवर भरायचे, खाते उघडायला ईमेल हवा, आणि साइट रात्री ९ ते सकाळी ७ बंद! पाळीवरून उशिरा घरी येणाऱ्याने नोंद कधी करायची? वर्षात तीन महिने चुकले की उरलेल्या वर्षापुरता विमा गेला. डिसेंबरपर्यंत सुमारे १८,००० लोक बाहेर पडले. पुढे झालेल्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे काही दिसले नाही. अट लागू असलेले बहुतेक लोक आधीच कामावर होते किंवा सवलतीस पात्र होते. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ती अट थांबवली.

दुसरी कात्री ‘प्रोव्हायडर टॅक्स’वर आहे. समजा राज्याने रुग्णालयांकडून ४० डॉलर कर घेतला आणि केंद्राचा वाटा ६० टक्के आहे. त्यावर केंद्राचे ६० येतात आणि रुग्णालयांना १०० परत जातात. अलास्का सोडून सगळी राज्ये असा एखादा तरी कर लावतात. हा जुगाड आहे, यात वाद नाही. पण विस्तार स्वीकारलेल्या राज्यांत या कराची ६ टक्क्यांची मर्यादा २०२८ च्या आर्थिक वर्षापासून दर वर्षी अर्ध्या टक्क्याने उतरत ३.५ वर येईल, तेव्हा ती तूट भरायला राज्याकडे दुसरा पैसा नसेल. ग्रामीण रुग्णालयांना पाच वर्षांसाठी दिलेला ५० अब्जांचा निधी त्यापुढे तोकडा आहे.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा संबंध येतो तो बहुधा आईवडिलांमुळे. ग्रीन कार्डावर आलेल्यांना १९९६ च्या कायद्याने पहिली पाच वर्षे साधारणपणे मेडिकेड मिळत नाही. नव्या कायद्याने ही अट तशीच ठेवली आहे आणि ग्रीन कार्डधारकांचा हक्कही. तो गेला आहे निर्वासित आणि आश्रितांचा, ऑक्टोबर २०२६ पासून.

सिनेटमध्ये विधेयक ५१ विरुद्ध ५० असे, उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मतावर निघाले. अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाने या कायद्यामुळे २०३४ पर्यंत आणखी सुमारे एक कोटी लोक विम्याविना असतील. तारखांचा क्रम बघा: याच कायद्यातली टिप आणि ओव्हरटाइमवरची करसूट २०२५ च्याच उत्पन्नाला लागू, मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ ला, कामाची अट १ जानेवारी २०२७ पासून. विरोधकांची लढाई आता राज्यांच्या राजधान्यांत आहे. अर्जापूर्वीच्या कामाचा पुरावा एका महिन्याचा मागायचा की तीन, हे राज्य ठरवते. पगाराच्या सरकारी नोंदींवरून तास आपोआप जुळवायचे की माणसाकडून चिठ्ठ्या मागवायच्या, यातही राज्याला बराच वाव आहे. विरोधकांची पहिली मागणी एका महिन्याच्या पुराव्याची, दुसरी आपोआप जुळणीची, आणि तिसरी फोनवरून व कागदावरही नोंद स्वीकारण्याची.