मैफल भरते म्हणजे नेमकं काय होतं?

दुभतं जनावर विकायला काढायचं असलं की दोन-तीन दिवस त्याची धारच काढायची नाही, मग कास टम्म भरते आणि घेणाऱ्याला वाटतं की हे रोजच एवढं दूध देत असणार. जुन्या अरबस्तानात ही लबाडी चालायची, अशा जनावराला 'मुहफ्फला' असा खास शब्दच होता आणि असं जनावर विकू नका अशी ताकीद हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. आणि आपली मैफल या मुहफ्फलाची सख्खी बहीण आहे!

दोघींचं मूळ एकच, ह-फ-ल. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे राहतात, स्वर बदलायचे, पुढेमागे काही जोडायचं की नवा शब्द तयार. ह-फ-ल चा अर्थ भरून येणं, गोळा होणं. पाणी साठलं, कासेत दूध उतरलं, माणसं जमली, सगळ्याला हेच. 'हफ्ला' म्हणजे पार्टी, आणि आजच्या अरबीत बसला 'हाफिला' म्हणतात, तीही माणसांनी भरलेलीच की.

आता यातला 'म' बघा, मला सगळ्यात आवडतो तो हा. मूळ व्यंजनांच्या आधी 'म' लावला की बऱ्याचदा ते काम जिथे होतं त्या जागेचं नाव मिळतं. स-ज-द म्हणजे कपाळ टेकणं, त्याची जागा मस्जिद, आपली मशीद. ज-ल-स म्हणजे बसणं, त्यावरून मजलिस (जलसा पण त्याच घरातला). न-ज-ल म्हणजे उतरणं, मग प्रवासात उतरायची जागा ती मंजिल, आणि तिच्यापासूनच आपल्याकडे 'मजल दरमजल' आलं आणि इमारतीचा मजलाही. तसंच महफिल म्हणजे माणसं भरून येतात ती जागा. पुढे जागेचं नाव तिथे घडणाऱ्या गोष्टीला चिकटलं, आपण 'शाळा सुटली' म्हणतो तेव्हा इमारत थोडीच सुटते, तसंच हे.

शब्द मराठीत आला तो फारसीच्या वाटेने. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि नंतरची काही शतकं दख्खनेत दरबाराची, कागदपत्रांची भाषा फारसी होती, तिच्यातून ढीगभर अरबी शब्द आपल्या तोंडी बसले. अरबीतला तो घशाच्या खोलातून येणारा 'ह' फारसीतच साधा झाला होता, लिहिताना अक्षर वेगळं पण उच्चार नेहमीच्या 'ह'चाच. मराठीने तोही गिळला आणि आधीच्या 'अ'चा 'ऐ' करून टाकला, महफिलची मैफल झाली. पहलवानाचा पैलवान झाला तो असाच, आणि बोलताना 'पहिला'चं 'पैला' होतं तेही असंच, म्हणजे परक्या शब्दाला मुद्दाम मोडलं वगैरे काही नाही, आपल्या जिभेची ही रोजचीच सवय आहे. अरबीत महफिल पुल्लिंगी आहे, आपण मात्र 'ती मैफल' म्हणतो.

तमाशा हा शब्दसुद्धा अरबीच, पण त्याचं मूळ चालण्यात आहे, सोबत चालणं, मग फारसीत फिरत फिरत मजा बघणं, मग ते बघण्यासारखं जे काही असेल ते. म्हणजे जलसा बसण्यातून आला, तमाशा चालण्यातून, आणि मैफल भरून येण्यातून.

आणि आपण म्हणतो काय, तर मैफल भरली! हे 'भरणे' संस्कृतच्या 'भृ' धातूपासून आलेलं, त्याचा अरबीशी काडीचाही संबंध नाही, दोन्ही भाषांची कुळंच वेगळी. बाजार भरतो, जत्रा भरते, सभा भरते, तसं आपल्या लोकांनी मैफलीलाही भरायला लावलं, ह-फ-ल चा अर्थ कुणाला विचारला नसताना.